निदान की निवाडा? : महाराष्ट्रातील शालेय चाचण्यांची चिकित्सा

प्रस्तावना

परीक्षा असावी की नसावी, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. दर दहा-पंधरा वर्षांनी तो नव्याने उद्भवतो आणि दरवेळी त्याच दोन टोकांशी जाऊन थांबतो. परीक्षा म्हणजे घोकंपट्टीची जननी, बालमनावरचे ओझे आणि गरिबाच्या मुलाला शाळेबाहेर काढण्याचे साधन, असे एक पक्ष म्हणतो. परीक्षा गेली की अभ्यास गेला, धाक गेला आणि ‘ढकलपास’ मुलांच्या पिढ्या दहावीच्या उंबरठ्यावर येऊन कोसळू लागल्या, असे दुसरा पक्ष म्हणतो. २०१० मध्ये पहिल्या पक्षाचे म्हणणे शासनमान्य झाले, २०२३ मध्ये दुसऱ्याचे. या दोन्ही निर्णयांच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र दोन्ही वेळा बाजूलाच राहिला. चाचणीतून मिळणारे उत्तर नेमके कोणासाठी असते?

मुलाला काय येते आणि कोठे अडते हे शिकविणाऱ्यास कळावे म्हणून घेतलेली चाचणी हे निदान होय. तिच्या निकालावर मुलाचा वर्ग, शिक्षकाची पत किंवा शाळेचा दर्जा ठरू लागला म्हणजे तिचा निवाडा होतो. निदानाची गरज आहे, निवाड्याचीही काही टप्प्यांवर आहे. परंतु एकच प्रश्नपत्रिका ही दोन्ही कामे प्रामाणिकपणे करू शकत नाही. ज्याला निकालाचे भय आहे तो आपले दुखणे लपवितो, हा साधा मनुष्यस्वभाव आहे. महाराष्ट्रातील चाचणी-व्यवस्थेचा इतिहास पाहता, निदानासाठी योजलेल्या प्रत्येक साधनावर कालांतराने निवाड्याचा भार टाकला गेला आणि त्या भाराखाली ते साधन खोटे पडले, असेच दिसते. या विधानाची कसोटी आष्टी तालुक्यातील कडा परिसरासारख्या भागात विशेष चांगली लागते. कारण येथील ऊसतोड कुटुंबांतील मुलांचे शैक्षणिक वर्ष आणि शासनाचे शैक्षणिक वर्ष ही दोन वेगळी वर्षे आहेत.

हंटर आयोगापुढील निवेदन

या प्रश्नाची मराठी मुळे शोधताना महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगास सादर केलेल्या निवेदनाकडे जावे लागते. प्राथमिक शिक्षणाच्या विस्ताराची मागणी म्हणून ते निवेदन सर्वपरिचित आहे. त्यातील तपासणीविषयक सूचनांकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. वर्षातून एकदा येऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या तपासणीचा काहीही उपयोग होत नाही, शाळांची तपासणी किमान दर तिमाहीस व्हावी आणि काही भेटी पूर्वसूचना न देता द्याव्यात, असे त्यांनी सुचविले होते. त्याचबरोबर शिक्षकांचे वेतन वाढवावे आणि उत्तीर्ण होणाऱ्या मुलांमागे त्यांना काही आणे जादा भत्ता द्यावा, अशीही त्यांची सूचना होती.

ही दुसरी सूचना त्या काळाला धरून होती. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित संहितेने शाळांचे अनुदान वाचन, लेखन व गणित या विषयांतील मुलांच्या उत्तीर्णतेशी जोडले होते. कवी व समीक्षक मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळा-निरीक्षक होते आणि या पद्धतीमुळे अध्यापन यांत्रिक झाल्याची त्यांची तक्रार होती. अखेर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात इंग्लंडने ती पद्धत सोडून दिली. फुल्यांच्या दोन सूचना शेजारी ठेवल्या म्हणजे त्यांच्यातील ताण लक्षात येतो. पूर्वसूचना न देता शाळा पाहणे हे निदान आहे. दरडोई भत्ता हा निवाडा आहे. शूद्रातिशूद्रांच्या मुलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या शिक्षकाला त्यांच्याकडे वळविण्यासाठी भत्त्याचा मार्ग फुल्यांना सुचला, हे त्या परिस्थितीत समजण्यासारखे आहे. परंतु पुढच्या काळात शासनाने उचलून धरला तो निकालाशी फळ जोडण्याचा विचार. अचानक भेटीचा विचार कागदावर राहिला. ‘दिपोटीसाहेब येणार’ म्हणून आदल्या दिवशी सारवून ठेवलेली शाळा ही मराठी शालेय जीवनातील एक कायमची आठवण होऊन बसली, ती उगाच नव्हे.

चाचणीचे दोन खरे लाभ

परीक्षेवरील टीकेच्या भरात तिचे लाभ नाकारण्याची प्रवृत्ती आढळते. ती योग्य नाही. विचारले असता आठवते आणि आठवल्याने पक्के होते, हे मराठी घरांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. दिवेलागणीला म्हणवून घेतला जाणारा परवचा ही रोजची तोंडी चाचणीच होती. तिला गुण नव्हते, नापास होण्याची सोय नव्हती, आणि चुकलेला पाढा लगेच दुरुस्त होऊन पुन्हा म्हटला जात होता. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसून आले. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा, वाचल्यावर तो आठवून लिहिण्याची चाचणी देणाऱ्यांना आठवड्यानंतर अधिक आठवत होते. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये घेतलेल्या आढाव्याचा रोखही असाच आहे. चाचणीनंतर शिक्षक आपले शिकविणे बदलतो तेव्हाच चाचणीचा लाभ होतो. वहीवर नुसता आकडा लिहून दिल्याने होत नाही.

दुसरा लाभ सामाजिक आहे आणि महाविद्यालयीन अध्यापकांनी तो विशेष ध्यानात घ्यावा असा आहे. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर नाव नसते, आसन क्रमांक असतो. ती तपासणारा परका असतो. मुलाचे आडनाव, गाव, वस्ती, बापाचा धंदा यांपैकी काहीही त्याच्यासमोर नसते. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांनी भारतात केलेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास येथे उद्बोधक ठरतो. त्यांनी उत्तरपत्रिकांच्या मुखपृष्ठावर विद्यार्थ्याची जात यदृच्छेने नोंदवून त्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. खालच्या मानल्या गेलेल्या जातींची नोंद असलेल्या उत्तरपत्रिकांना किंचित का होईना, कमी गुण पडले. बाह्य परीक्षा निष्ठुर असते हे खरे. पण ज्या मुलाच्या बाजूने बोलणारे कोणी नाही, त्याला ही निष्ठुरताच कित्येकदा न्याय देऊन जाते. परीक्षाविरोधी युक्तिवाद बहुधा सुस्थित घरांतील मुलांचा ताण डोळ्यांपुढे ठेवून केले जातात, आणि त्यात हा मुद्दा नजरेआड होतो.

नोंदींचे साम्राज्य

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम १६ ने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला मागे ठेवण्यास मनाई केली आणि कलम ३० ने मंडळाची परीक्षा वगळली. महाराष्ट्राने २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू केले. पहिली-दुसरीत आकारिक मूल्यमापनास ७० टक्के व संकलित मूल्यमापनास ३० टक्के भारांश, तिसरी-चौथीत ६० व ४०, पाचवी-सहावीत समसमान, सातवी-आठवीत ४० व ६०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी अनेक साधने त्यात होती. मूल खालच्या श्रेणीत राहिले तर पूरक मार्गदर्शन करून त्याला वर आणण्याची जबाबदारी शाळेवर टाकलेली होती. संकल्पना म्हणून ही योजना निदानाच्या अगदी जवळची होती. परीक्षा रद्द झाली, असा जो समज समाजात पसरला तो मूळ निर्णयाच्या वाचनातून निघत नाही; उलट मूल्यमापन रोज करावे असेच त्यात अभिप्रेत होते.

मग ती फसली कोठे? द्विशिक्षकी शाळेत दोन-दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक मुलाची प्रत्येक विषयातील वर्णनात्मक नोंद ठेवावी, ही अपेक्षा हे पहिले उत्तर. पण ते पुरेसे नाही. ती नोंद पाहणारा कोण, हा अधिक महत्त्वाचा भाग आहे. नोंदवही मुलासाठी लिहिली गेली असती तर तिच्यात ‘हातच्याची वजाबाकी अजून जमत नाही’ असे वाक्य आले असते. ती तपासणीसाठी लिहिली गेली, म्हणून तिच्यात ‘गणितातील संबोध स्पष्ट आहेत’, ‘उपक्रमात उत्साहाने भाग घेतो’ अशी गुळगुळीत वाक्ये आली. बाजारात अशा तयार नोंदींची पुस्तके मिळू लागली. पुढे त्या भ्रमणध्वनीवरून फिरू लागल्या. शिक्षकांना आळशी ठरवून या घटनेचे स्पष्टीकरण होत नाही. मुलाचे वैगुण्य नोंदविणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा लिहून ठेवणे, असे ज्याला वाटते त्याच्याकडून सत्य नोंदीची अपेक्षा व्यर्थ आहे.

२०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने पायाभूत चाचणी आणली. मागील इयत्तेतील मुलाचे शिक्षण कोठपर्यंत आले आहे हे वर्षारंभी जाणून घेणे, हा तिचा हेतू अत्यंत योग्य होता. परंतु त्याच कार्यक्रमात शाळा ‘प्रगत’ करण्याचे व तसे घोषित करण्याचे वातावरण निर्माण झाले, आणि निदानाचा कागद पुन्हा निवाड्याच्या फायलीत जाऊन बसला. २०२३-२४ पासून तिसरी ते आठवीच्या वर्गांसाठी नियतकालिक मूल्यांकन चाचण्या सुरू झाल्या आहेत. त्यांचे गुण संकेतस्थळावर भरावयाचे असतात. गुण राजधानीपर्यंत पोहोचतात हे ठीक. ते वर्गातल्या फळ्यापर्यंत परत येतात काय, हा प्रश्न उरतोच.

याउलट उदाहरण ‘असर’ सर्वेक्षणाचे. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून चालणारी ही पाहणी मुलाच्या घरी जाऊन केली जाते. अक्षरे, शब्द, छोटा उतारा, गोष्ट इतकेच तिचे वाचनाचे साधन. मुलाला गुण नाहीत, शिक्षकाला शेरा नाही, शाळेचे नाव नाही. म्हणूनच तिच्या उत्तरात लपवाछपवीस कारण नाही. ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी सुमारे निम्मीच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात, हे २०१८ मधील तिचे निरीक्षण शासकीय श्रेणीपत्रकांतून कधीच कळले नसते.

टक्केवारीची चढउतार

निवाड्याच्या परीक्षेतील आकडा तरी विश्वसनीय असतो काय? महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या मार्चच्या निकालाची टक्केवारी पाहावी : २०१८ मध्ये ८९.४१, २०१९ मध्ये ७७.१०; २०२० मध्ये ९५.३०, २०२१ मध्ये ९९.९५. तीन वर्षांत महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी बारा टक्क्यांनी घसरून पुन्हा अठरा टक्क्यांनी वाढली, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम होता आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण बंद केलेले होते. ओरड झाली, समिती बसली, गुण परत आले आणि निकालही परत वर आला. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही व सरासरीने गुण दिले गेले. २०२१ मध्ये परीक्षाच रद्द झाली. त्यानंतरच्या वर्षांतही हा आकडा नव्वदीच्या खाली आलेला नाही. २०२५ मध्ये तो ९४.१० होता.

या चढउताराचा अर्थ स्पष्ट आहे. अंतर्गत वीस गुण शाळेच्या हाती दिले की ते बहुधा सर्वांना भरभरून मिळतात. त्यात पक्षपात नसतो हे मान्य. पण त्यात माहितीही नसते. सर्वांना सारखेच मिळणारे गुण म्हणजे न विचारलेला प्रश्न.

मराठवाड्यात या विषयाला कॉपीची एक काळी किनार आहे. परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने १९८२ मध्येच कायदा केला. २०१० मध्ये नांदेडचे तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी राबविलेले कॉपीमुक्त अभियान पुढे राज्यभर अनुकरणीय ठरले. तरीही दर फेब्रुवारी-मार्चमध्ये भरारी पथके, बैठी पथके आणि केंद्राबाहेरच्या भिंतींवर चढलेली माणसे ही दृश्ये दिसतातच. याकडे मराठवाड्याचा दोष म्हणून पाहणे हे अज्ञान आहे. अमेरिकेतील अटलांटा शहरात, जेथे शाळांचे व शिक्षकांचे भवितव्य चाचणीच्या गुणांशी बांधले होते, तेथे २०११ मधील चौकशीत ४४ शाळांतील १७८ शिक्षक व मुख्याध्यापक गैरप्रकारांत गुंतल्याचे आढळले. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरील चुकीची उत्तरे खोडून बरोबर करण्याचे काम शिक्षकच करीत होते. एखाद्या मोजमापावर जितके अधिक काही अवलंबून असते तितके ते अधिक भ्रष्ट होते, असा नियमच समाजशास्त्रज्ञ डोनल्ड कॅम्बेल यांनी मांडला आहे. भिंतीवर चढणारा काका आणि अटलांटातील मुख्याध्यापक हे त्या नियमाचे दोन नमुने होत. भरारी पथकाने पहिल्याला खाली उतरविता येते. पण तो तेथे चढला कशासाठी, याचे उत्तर पथकाजवळ नसते. वर्षानुवर्षे वरच्या श्रेणीत नोंदलेल्या मुलाला दहावीत प्रथमच खरा प्रश्न विचारला जातो, तेव्हा त्याच्या घरचे लोक भिंत शोधतात.

कोयता आणि दुसरे सत्र

आता २०२३ च्या निर्णयाकडे वळता येईल. केंद्राने २०१९ मध्ये अधिनियमात दुरुस्ती करून पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना दिली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले. त्यानुसार पाचवी व आठवीच्या अखेरीस वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्ण मुलास जादा मार्गदर्शन व पुनर्परीक्षा, आणि तीतही अनुत्तीर्ण झाल्यास त्याच वर्गात ठेवणे, असा क्रम आला. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढता मात्र येत नाही.

हा क्रम कडा, आष्टी, पाटोदा, शिरूर या पट्ट्यात लावून पाहावा. बीड जिल्हा हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोयत्यांची टोळी पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या कारखान्यावर जाते आणि मार्च-एप्रिलनंतर परतते. सोबत मुले असतात. मोठी मुलगी कोपीवर राहून धाकट्यास सांभाळते, पाणी भरते. जून ते ऑक्टोबर शाळा, नोव्हेंबर ते एप्रिल फड, असे तिचे वर्ष. पहिल्या संकलित मूल्यमापनाला ती हजर असते. दुसऱ्याला ती नसते, किंवा असली तरी सहा महिन्यांचा अभ्यास तिच्यापुढून न जाता निघून गेलेला असतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) दुष्काळाने गाव उठते आणि मास्तरांची शाळा ओस पडते; ती आपत्ती होती. येथे तेच दरसाल, ठरल्या वेळी घडते, आणि तरीही परीक्षेचे वेळापत्रक ते जणू घडतच नाही अशा रीतीने आखले जाते.

२०१० च्या व्यवस्थेत या मुलीचे काय झाले? हजेरीपत्रकात तिचे नाव राहिले, श्रेणीपत्रकावर श्रेणी आली आणि ती पुढच्या वर्गात गेली. तिला न विचारताच तिचे उत्तर लिहिले गेले. २०२३ च्या व्यवस्थेत तिला विचारले जाईल, पण जे शिकविलेच नाही ते; आणि मग तिला त्याच वर्गात बसविले जाईल. त्याच वर्गात पुन्हा बसूनही नोव्हेंबरमध्ये ती पुन्हा फडावरच जाणार. पहिल्या व्यवस्थेने तिच्यावर अन्याय लपविला, दुसरी तो तिच्या नावावर लिहिते. या दोहोंत निवड करावयाची झाल्यास दुसरी किंचित बरी, असे काहीसे धाडसाने म्हणावे लागेल. कारण लपविलेल्या अन्यायावर उपाय शोधण्याची गरज कोणालाच भासत नाही. मात्र नापासाचा शिक्का बसलेली बारा वर्षांची मुलगी पुढच्या हंगामात अर्धा कोयता म्हणून मोजली जाण्याची, किंवा तिचे लग्न उरकले जाण्याची भीती या भागात पुस्तकी नाही.

नियमांत एक फट अनपेक्षितपणे तिच्या उपयोगाची आहे. पुनर्परीक्षा नव्या वर्षाच्या तोंडावर येते, म्हणजे टोळ्या परतल्यानंतर. एप्रिल ते जून हा काळ या मुलांचा गावी असण्याचा काळ आहे. जादा मार्गदर्शन ही तरतूद या दिवसांत खरोखर राबविली गेली, तर ती अन्य भागांपेक्षा येथेच अधिक फलद्रूप होऊ शकते. त्यासाठी उन्हाळ्यात शाळा उघडणारा आणि त्याचे मानधन मिळणारा शिक्षक हवा. शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत चालणारी हंगामी वसतिगृहे मुलांना आजी-आजोबांजवळ गावातच ठेवण्यासाठी आहेत. शासनाने २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांची संत भगवानबाबा योजनाही मंजूर केली. वसतिगृहात राहिलेल्या मुलाच्या बाबतीत एप्रिलची परीक्षा न्याय्य ठरते. न राहिलेल्याच्या बाबतीत ती जूनमध्येच न्याय्य ठरू शकते. दोघांना एकच दिवस ठरवून देण्यात समानता दिसते, पण ती केवळ वेळापत्रकाची.

आणखी एक साधन हाताशी आहे. स्थलांतर करणाऱ्या मुलाला गावची शाळा शिक्षण हमी पत्रक देते. ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत त्याला प्रवेश मिळावा, अशी व्यवस्था आहे. पहिल्या सत्राच्या चाचणीतून निघालेले निदान लिहिण्यासाठी याहून योग्य कागद दुसरा नाही. येथे निकालावर कोणाचीही पत अवलंबून नाही. गावच्या शिक्षकास काही लपविण्याचे कारण नाही आणि पलीकडच्या शिक्षकास ते खरे असल्याचीच गरज आहे. मूल जोडाक्षरे अडखळत वाचते, तीन अंकी बेरीज करते, भागाकार अद्याप सुरू केलेला नाही, एवढ्या तीन ओळी त्यावर असल्या तरी पुरे. पत्रकावर नाव, इयत्ता आणि शिक्का एवढेच असेल, तर परगावच्या शिक्षकाला सारे पहिल्यापासून विचारून घ्यावे लागते. आणि त्याचे विचारून होते तोवर टोळी पुढच्या फडावर गेलेली असते.